धाकूने दाखवलेलं देऊळ

पन्नास-एकावन्न सालच्या सुमारास खडवली स्टेशनाबाहेर चिंचेखाली धाकूची बैलगाडी उभी असायची. भातसई नदीपलीकडच्या बनात एक पडकं शिवालय होतं आणि ते बघायला येणाऱ्यांना धाकू घेऊन जायचा. गाडीवान तोच, वाटाड्या तोच, आणि देवळाचा इतिहासकारही तोच. इतिहास म्हणजे काय, तर पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला, राहिलं अर्धवट. कोणी फारच खोलात शिरलं तर धाकू बैलांवर खेकसायचा आणि विषय संपायचा.

खरं सांगायचं तर देवळासाठी त्याच्याकडे कोणी येत नसे. डोंबिवली-कल्याणकडे तेव्हा दोन खोल्यांत आठ-आठ माणसं राहायची, आणि त्यातच एखाद्या नव्या जोडप्याचा संसार सुरू व्हायचा. नवराबायकोने बोलायचं तर कुठे? मोरीत की चुलीपुढे? मग देवदर्शनाचं निमित्त निघायचं. भाजी विकायला डोंबिवलीला जाणारी गंगुबाई निरोप आणायची, ‘अमक्या रविवारी धाकूची गाडी सांगितलीय’, की धाकू ओळखायचा. देवळापाशी पोचलं की तो कोंबड्यापर्यंतची गोष्ट भराभर उरकायचा आणि म्हणायचा, “बैलांना पानी दाखवून येतो.” बैल पाणी पिऊन, चरून, रवंथ करून कंटाळले तरी तो परतायचा नाही. एवढी एकच विद्या त्याच्यापाशी होती आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. किती संसारांची पहिली धड बोलणी त्या पडक्या मंडपात झाली असतील, देव जाणे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

एका माघातल्या रविवारी मात्र पंचाईत झाली. आगगाडीतून विश्राम उतरला, त्याच्यामागे त्याची बायको वासंती उतरली, आणि तिच्यामागे डबा सांभाळत विश्रामची आई, विमलाबाई. “देवदर्शन म्हणालात, मग म्हटलं मीही येते,” असं म्हणत त्या बैलगाडीत दोघांच्या मधोमध बसल्या. वाटेत दोघांना बोलायला मिळालं ते विमलाबाईंच्या पदराशी. वासंती डावीकडचं शेत बघत होती आणि विश्राम उजवीकडचं.

नदीवर पाय धुवायला थांबले तेव्हा विश्रामने धाकूला बाजूला घेतलं.

“परवा मी इटारसीला चाललो. रेल्वेत आहे ना, बदली झाली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की ही इथेच राहणार. हिला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. विचारू कुठे? आणि हिचं कळल्याशिवाय आईसमोर तोंड कसं उघडू?”

धाकूने मागे पाहिलं. विमलाबाई सुनेला पदर नीट घ्यायला सांगत होत्या. ‘बैलांना पानी’ आज चालणार नव्हतं. धाकू घोटभर पाणी प्याला आणि गाडीवर चढला.

देवळापाशी येईपर्यंत त्याला सुचलं. कोंबडा आरवल्यावर तो म्हणाला, “आई, मागं कुंड हाय, लई जुनं. पन वाट निसरडी, एका टायमाला एकालाच हात धरून नेता येतं. तुमी वडील, आधी तुमी चला.”

माघात कसली आलीय निसरडी वाट! पण विमलाबाई उठल्या आणि धाकूचा हात धरून देवळामागे निघाल्या. जोडपं मंडपात उरलं.

कुंड एका नजरेत बघून झालं. त्यात होतं काय, शेवाळ आणि दोन बेडूक. मग धाकूने भिंतीवरची चित्रं दाखवायला घेतली. हा भीम, हा त्याचा मेव्हणा, हा कुंभकर्ण, आता उठायलाच झालाय बगा. सगळे संपले तसा तो बाईंना उलटा फिरवून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. आयुष्यात कधी नव्हे इतकं तो त्या दिवशी बोलला. घसा कोरडा पडला.

“धाकू,” विमलाबाई म्हणाल्या, “मघाशी हाच कुंभकर्ण होता. आता भीम कसा झाला?”

बाई आता मंडपाकडे चालू लागणार म्हणून धाकू घाईघाईने म्हणाला, “आई, एक राहिलं. शंकर-पार्वती.”

कोनाड्यात खांद्याला खांदा लावून एक जोडपं उभं होतं. दोघांचीही तोंडं फुटलेली होती. विमलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग समोरच्या पडलेल्या दगडावर बसल्या.

“आमचे हे कराचीला होते, गोदीत,” त्या म्हणाल्या. “वर्षातून एकदा यायचे. घरात सासू, दीर, नणंदा. दिवसा समोर उभं राहायची सोय नव्हती. बोलायचं लांबच. शेवटी आजारी होऊन आले. त्यांचा चेहरा मी नीट बघितला तो ते गेल्यावर, ओसरीवर ठेवलं होतं तेव्हा. नाकावर छोटा तीळ होता. मला माहीतच नव्हता.”

धाकूचे डोळे भरून आले आणि त्याने ते सरळ बाहीला पुसले.

“ती दोघं बोलताहेत ना?” बाईंनी विचारलं.

“व्हय.”

“मग बसू आपण. तू आपला सांग, कुंभकर्णाचं काय झालं पुढे.”

उन्हं कलल्यावर चौघं परत निघाली. या खेपेला विमलाबाई पुढे, धाकूच्या पाठीला पाठ लावून बसल्या. “मागे धूळ येते,” म्हणाल्या. खरं तर बैलांची सगळी धूळ पुढेच उडत होती. नदी ओलांडून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“विश्राम, काय ठरलं तुमचं?”

“कशाचं, आई?”

“मला कुंडापाशी बसवून तुम्ही काय पांडव मोजत होतात?”

विश्राम खाली बघू लागला. वासंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूकडे थेट बघून म्हणाली, “मला जायचंय, आई. यांच्याबरोबर.”

गाडी खडखडत राहिली. धाकूने कासरा इतका घट्ट धरला होता की बैल थबकले. त्याने चाबूक उचलला.

“मग उद्या पास दोघांचा काढ,” विमलाबाई मुलाला म्हणाल्या. “घरच्यांना मी सांगते. आणि धाकू, बैलांना मारू नकोस. आगगाडी चुकली तर पुढची मिळेल.”