तुरीच्या रानात सुनीती

सुनीती सरनाईक बंदूक चालवते, हे लखनौच्या गोमती नगरमधल्या त्यांच्या सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक आहे. कुंडीतल्या जास्वंदीवर मावा पडला किंवा कढीपत्ता वाळायला लागला, की जिचं दार वाजवायचं ती बाई, एवढीच तिची ओळख. एका संशोधन संस्थेत तिनं सगळी नोकरी पिकांच्या रोगांवर काम करण्यात घालवली. तिचा नवरा श्रीपाद रेल्वेतून निवृत्त झालेला इंजिनियर. त्याला फटाक्यांच्या आवाजाचीही धास्ती. दिवाळीत तो खिडक्या लावून बसतो. त्यामुळे रतनापूरच्या त्या दिवसाबद्दल तो बोलायला लागला, की ऐकणाऱ्याला आधी वाटतं, हा दुसऱ्याच कुणाच्या बायकोची गोष्ट सांगतोय.

बंदूक तिच्या वडिलांची. यवतमाळकडे त्यांची शेती होती आणि रानडुकरं, रोही यांच्यापासून पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती. तीन भावंडांत हात स्थिर होता तो सुनीतीचा, म्हणून त्यांनी शिकवलं तिलाच. ते गेल्यावर परवाना रीतसर तिच्या नावावर झाला, दुनाली लखनौला आली आणि कपाटात पडून राहिली.

ती बाहेर निघाली ती तुरीमुळे. सई नदीच्या काठावरच्या रतनापुरात सुनीती तुरीच्या नव्या वाणाची चाचणी घेत होती. रोग न पडणारं रोप तिनं आणलं, पण ते खाऊन टाकणाऱ्या जनावरांवर तिच्याकडे उपाय नव्हता. आपण ज्याला रोही म्हणतो, ती तिकडची नीलगाय. दिवसभर नदीकाठच्या उंच सरपत गवतात बसायची आणि उन्हं उतरली की कळपानं शेतात शिरायची.

"अरहर बोना ही छोड़ देंगे, मैडम जी," रामअवध यादव म्हणाला. चाचणीची ही अरहर, म्हणजे तूर, त्याच्याच शेतात होती.

"मारने की इजाज़त तो मिलती है ना?"

"मिलती है. मारेगा कौन?"

खरंच कोण मारणार? नावात गाय असल्यामुळे निम्मं गाव हात लावायला तयार नव्हतं. उरलेल्यांत ज्यांच्याकडे बंदुका होत्या, त्यांच्या बंदुका लग्नाच्या वरातीतच मिरवायच्या.

त्या रात्री जेवताना सुनीती म्हणाली, "मीच जाते."

श्रीपादला वाटलं, ती गंमत करतेय. फोनवर असलेल्या लेकीला, अंतराला, मात्र आईचा आवाज बरोबर कळला. "मम्मा, आप सीरियस हो? पापा, रोको ना इन्हें!" पापांनी रोखायचा प्रयत्न केलाही. दोन दिवस अबोला धरून पाहिला. पण सुनीती आपल्या कागदपत्रांच्या मागे लागली होती, अबोला तिच्या लक्षातच आला नाही.

परवानगी मिळाल्यावरही ती लगेच रतनापूरला गेली नाही. शहराबाहेर अमौसीच्या पलीकडे एका ओळखीच्या माणसाची नेमबाजीची जागा होती, तिथे ती रविवारी जायला लागली. घरातल्या जुन्या चादरी टांगायच्या आणि त्यांवर गोळ्या झाडायच्या. श्रीपाद पहिल्यांदा नाइलाजानं गाडी चालवायला म्हणून गेला. कानात कापूस घालून गाडीतच बसला होता. मग चादरीवरची भोकं पाहून त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. पुढच्या वेळी तो टेप आणि खडू घेऊन गेला.

मोठ्या जनावरासाठी तिकडे एलजीचं काडतूस वापरतात. त्यात वाटाण्याएवढे मोजकेच छर्रे असतात. दुनालीची डावी नळी तोंडाशी आवळलेली, म्हणजे चोक असलेली. तिचा मारा एकवटलेला असतो, लांब जातो, असं सगळे सांगायचे. चादरींनी वेगळंच सांगितलं. या बंदुकीत ते मोठे छर्रे आवळलेल्या नळीतून वाकडेतिकडे फेकले जात होते, आणि उजव्या मोकळ्या नळीतून नीट एका घोळक्यात पडत होते. तेही क्रिकेटच्या खेळपट्टीएवढ्या अंतरापर्यंतच. त्यापुढे घोळका फुटायचा.

"म्हणजे लांबून मारलं तर?" श्रीपादनं विचारलं.

"लागतं, पण मरत नाही. कुठेतरी झुडपात जाऊन चार दिवस तडफडतं." ती चादर उतरवत म्हणाली. "बाबा म्हणायचे, तसं मारणाऱ्यानं बंदूक विकून टाकावी."

मग तिनं ठरवून टाकलं. उजव्या नळीत एलजी, डावीत एकच जड गोळी असलेलं काडतूस. खेळपट्टीच्या आत जनावर आलं तरच चाप ओढायचा, आणि पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर नाहीच. पहिल्या हिवाळ्यात ती रतनापूरला कितीतरी वेळा गेली आणि बहुतेकदा गोळी न झाडता परत आली. गावात हसले लोक. रामअवध हसला नाही, कारण ती जेव्हा झाडायची तेव्हा जनावर जागच्या जागी पडायचं.

फेब्रुवारीतली गोष्ट. तूर डोक्याच्या वर गेलेली, शेंगांनी लगडलेली, दाट. त्या दिवशी सुनीतीबरोबर श्रीपाद होताच, शिवाय आदेश सिंह नावाचा दुसरा परवानाधारक होता. लखनौत निशातगंजला त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. चाळिशीचा, उमदा गडी, बंदूक कोरी करकरीत. सकाळी धुकं विरत असताना सरपतातून एक काळाकभिन्न नर बाहेर आला आणि मोहरीच्या कडेनं चालू लागला. तो चांगलाच लांब होता. सुनीतीनं हातानं थांबायची खूण केली, पण तोवर आदेशनं बार काढला होता.

नर मागच्या पायांवर बसला, उठला आणि लंगडत तुरीत घुसला.

"लग गया!" आदेश ओरडला. "अपने आप मर जाएगा, मैडम."

सुनीती त्याच्यावर चिडली नाही. श्रीपाद म्हणतो, चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आज नहीं मरेगा. मैं अंदर जाती हूँ."

आधी तिनं रामअवधला पलीकडच्या मोहरीत कापणी करणाऱ्या बायकांना बाहेर बोलवायला पाठवलं. एकूण एक बाई बांधावर येऊन बसेपर्यंत ती हलली नाही. मग श्रीपादकडे वळली. "तू त्या ट्यूबवेलच्या खोलीवर चढ. वरून तुरीचे शेंडे दिसतील. कुठे हलतात ते मला फोनवर सांगत राहा."

"मी?"

"तुझ्याइतकं नीट कोण सांगणार?"

साठी उलटलेला श्रीपाद शिडीवरून खोलीच्या पत्र्याच्या छपरावर चढला. खाली हिरवं रान पसरलेलं आणि त्यात त्याच्या बायकोची खाकी टोपी मधूनच दिसत होती, मधूनच बुडत होती. तिच्या एका कानात फोनची वायर. तो दबक्या आवाजात बोलू लागला. "सरळ... थोडं डावीकडे... थांब. तुझ्या डाव्या हाताला हलतंय. अगदी जवळ."

टोपी थांबली. सुनीतीला झाडांच्या फटीतून काळपट पाठीचा तुकडा दिसत होता. खेळपट्टीच्या कितीतरी आत. बंदूक खांद्याला लागली होती. बांधावरून आदेशलाही ती पाठ दिसली असावी. "मारिए!" तो ओरडला.

तिनं मारलं नाही.

"सुनीती, काय झालं?" श्रीपादनं विचारलं.

"डोकं दिसत नाहीये," ती पुटपुटली.

शेंडे पुन्हा हलले आणि तुरीतून शांतपणे रवंथ करत बाहेर आली एक मोकाट गाय, कुणीतरी सोडून दिलेली, कानात पिवळा बिल्ला. बांधावरच्या बायकांमध्ये कुजबुज उठली. आदेशचा चेहरा पांढराफटक पडला. ती गोळी सुटली असती तर गावात काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

सुनीतीनं गायीला जाऊ दिलं आणि पुढे निघाली. आता तुरीत तिला जमिनीवरचं रक्त दिसायला लागलं होतं. श्रीपादला वरून काहीच हलताना दिसेना. "काही नाही... काही नाही..." एवढंच तो सांगत राहिला. मग एकदम समोरच्या बाजूला शेंडे फाटल्यासारखे दुभंगले. "समोर! सुनीती, समोरून येतोय!"

बसलेला नर उठून थेट तिच्याकडे आला होता. तिनं डोकं पाहिलं, मान पाहिली, मागे नुसता नदीचा उंच काठ पाहिला. उजवी नळी वाजली, लगेच डावी. श्रीपादनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा टोपी दिसत नव्हती.

तो शिडीवरून कसा उतरला ते त्याला आजही आठवत नाही. तुरी मोडत, ओरबाडून घेत तो आत पोचला. नर पडलेला होता, निपचित. त्याच्याजवळ सुनीती मातीत बसली होती. बंदूक बिजागरीपाशी उघडून, रिकामी करून बाजूला ठेवलेली. तिचे दोन्ही हात थरथरत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ते हात थरथरताना त्यानं पहिल्यांदाच पाहिले.

"लागलं का कुठे?"

"नाही रे. तूच फोनवर सारखा बोलत होतास म्हणून उभी राहिले." मग नराकडे पाहत, "बघ ना, किती देखणा होता."

आदेश मागून येऊन उभा राहिला. त्यानं नराच्या मागच्या मांडीवरच्या जखमा पाहिल्या. आपले विखुरलेले छर्रे त्याला ओळखता आले. "मैडम, गलती हो गई," तो म्हणाला. सुनीतीनं हात पुढे केला. त्यानं धरून तिला उठवलं. "अगले इतवार अमौसी आइए," ती म्हणाली, "पहले देखेंगे आपकी बंदूक कितनी दूर की है."

नियमाप्रमाणे जनावर पुरायचं होतं. रामअवधनं जेसीबी मागवला. खड्डा बुजेपर्यंत सुनीती तिथेच उभी होती, कुणी दिलेला चहाही तिनं घेतला नाही.

त्या वर्षी रतनापुरात तूर घरी आली, पुष्कळ आली. आदेश पुढे बरेच रविवार अमौसीला जात राहिला. आता गावातून बोलावणं आलं की तोच जातो, आणि त्याच्याबद्दलही लोक तक्रार करतात, की हा माणूस सकाळभर बसतो आणि बार न काढता परत जातो. सुनीती मधूनमधून जाते. श्रीपाद दर वेळी बरोबर असतो. तो नर पुरला त्या दिवशी लखनौला परतताना वाटेतलं मोहनलालगंज यायच्या आतच ती सीटवर मान टाकून झोपली होती. केसांत तुरीची वाळकी पानं अडकलेली. मागून ट्रक हॉर्न देत होते, तरी श्रीपादनं गाडीचा वेग वाढवला नाही.