अण्णांनी सांगितलेलं आजारपण

वाचकांच्या अतर्क्य अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगून टाकतात, की असल्या गोष्टींवर आपला कधी विश्वास नव्हता. वाचताना मला हसू यायचं. आता स्वतः लिहायला बसले, तर माझ्याकडंही दुसरं पहिलं वाक्य नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. लोकांचं रक्त काढायचं, मशीनला लावायचं, जे येईल ते छापून द्यायचं. माझे वडील — त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो — शाळेत गणिताचे मास्तर होते. नवा शर्ट मुद्दाम अमावस्येला काढायचे. आई चिडायची, की ते आणखी खूश. अशा घरात मी वाढले. त्यामुळं जे सांगतेय ते मला स्वतःलाच पटत नाही, पण घडलं हे असं घडलं.

तेव्हा शहराच्या पाट्यांवर अजून औरंगाबादच होतं. मी आणि माझे मिस्टर सतीश सिडकोत राहतो. खाली दोन खोल्या, वर एक, मधून सिमेंटचा जिना. अण्णा हर्सूलला, तलावाच्या अलीकडं, बैठ्या पत्र्याच्या घरात. आई गेल्यावर मी त्यांना कितीदा म्हटलं, आमच्याकडं या. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"मला नाय करमत तुमच्याकडं. इथं भुऱ्या हाय, शेजारी शमीम हाय, मोकळं हाय."

भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. गावठीच, बिस्किटाच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. शमीमआपा शेजारच्या. शिलाईकाम करायच्या, आणि अण्णा कुठं गावाला गेले की भुऱ्याचं खाणंपिणं त्याच बघायच्या.

मी लॅबला निघायच्या आधी रोज अण्णांचा फोन यायचा. दोन मिनिटांचा — जेवलीस का, गाडी हळू चालव, इतकंच. त्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, "अगं, भुऱ्याचं काही खरं नाय. भाकरीचा नुसता पापुद्रा खातोय, बाकी तशीच ठेवतोय."

मी म्हटलं, कंटाळला असेल भाकरीला. दूध घालून द्या.

मग पाणी सुरू झालं. "लई पाणी पितोय. भांडं भरून ठेवलं की रिकामं." त्यानंतर आणखी एक विचित्र गोष्ट. "भिंत चाटतोय गं. चुना खाल्ल्यासारखा. जिभेचं ओलं दिसतं भिंतीवर."

आता मला काळजी वाटली. खूप पाणी पिणं, भिंत चाटणं ही बरी लक्षणं नव्हेत, एवढं लॅबमध्ये राहून मलाही कळतं. रविवारी आम्ही दोघं हर्सूलला गेलो. फाटक उघडायच्या आत भुऱ्या अंगावर. सतीशच्या हातातली पिशवी हिसकून त्यानं आतली ब्रेडची लादी फाडली आणि गटागटा खाल्ली. आजारी कुत्रा असं करत नाही.

अण्णा खुर्चीतून बघत होते. चेहरा ओढलेला. मला म्हणाले, "इकडं आण त्याला." मी भुऱ्याला धरलं. अण्णांनी त्याचा ओठ वर केला आणि हिरडीवर अंगठा दाबला.

"बघ. पांढऱ्या फटक पडल्यात."

मी वाकून बघितलं. हिरड्या गुलाबी होत्या. चांगल्या, लहान पोराच्या असाव्यात तशा गुलाबी. मी सतीशकडं बघितलं, त्यानंही मान हलवली.

"अण्णा, गुलाबी आहेत."

त्यांनी परत बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग ओठ हळूच सोडला आणि भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "आत्ता असतील," एवढंच म्हणाले.

फाटकापर्यंत सोडायला शमीमआपा आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, कुत्ता अच्छा-खासा है गे. कल मेरे हाथ से पूरी भाकर खाया. मास्तर को क्या होरा मालूम नहीं."

तरीही मी भुऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ताप बघितला, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली — लगेच जागेवर गेली. पोट चाचपलं, कानात गोचिडी शोधल्या, रक्त घेतलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "कुत्रा ठणठणीत आहे. तुम्ही वडिलांना एकदा दाखवून घ्या."

मी ते मनावर घेत नव्हते. पण दोन-तीन दिवसांनी अण्णांचा फोन आला, आणि त्यांचा आवाज अगदीच खचलेला होता.

"काल दुपारपासून जिन्याखाली जाऊन बसलाय. हाक मारली तर नुसता डोळे फिरवतोय. बाहेर यायला तयार नाय."

मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं.

"अण्णा... तुमच्या घराला जिना कुठंय?"

पलीकडून बराच वेळ काही नाही. फोन कट झाला असं वाटलं. मग ते बोलले, वर्गात फळ्यावरचं गणित चुकल्यावर माणूस बोलतो तसं. "व्हय की. नाय खरं." आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी त्यांना घाटी दवाखान्याजवळच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. रक्त मी स्वतः आमच्या लॅबमध्ये लावलं. शुगर, किडनी, लिव्हर, हृदयाचा कागद — सत्तरीच्या माणसाचा इतका स्वच्छ रिपोर्ट क्वचित येतो. स्मरणशक्तीसाठी डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. अण्णा वैतागून म्हणाले, "डॉक्टर, सतरानं करतो. वेळ वाचेल." आणि केलं. डॉक्टर हसले. मला म्हणाले, "एकटेपण आहे, दुसरं काही नाही. कुत्र्यात जीव अडकलाय."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

फोन चालूच राहिले. उजव्या नाकपुडीतून रक्त आलं. मागचे पाय लटपटतात, उठताना दोनदा पडला. हे सगळं अण्णा सांगत असायचे, आणि त्याच फोनमध्ये मागं भुऱ्याचं भुंकणं ऐकू यायचं. भाजीवाल्यावर भुंकायचा तो, खणखणीत. मी "हो अण्णा", "बघते अण्णा" म्हणायचे. ज्या आवाजाकडं बोट दाखवून सांगावं, की ऐका, तो चांगला आहे — तो त्यांच्याही कानावर पडतच होता. तरी ते सांगत होते.

मग एका सकाळी त्यांचा आवाज अगदी मोकळा. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता तसा.

"अगं, भुऱ्या आपणहून बाहेर आलाय! फाटकापाशी उन्हात बसलाय, मान वर करून. दहीभात खाल्ला. सगळा खाल्ला बघ. आता काळजी नाय."

मलाही हलकं वाटलं. म्हटलं, संपलं एकदाचं हे खूळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमीमआपांचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा भुऱ्या पलंगाखाली पुढच्या पायांवर तोंड ठेवून बसला होता. धडधाकट.

तेरावं झाल्यावर भुऱ्याला आम्ही सिडकोत आणला. दुसरीकडं कुठं ठेवणार? महिनाभर फाटकाकडं तोंड करून बसायचा, मग रुळला. सतीशच्या मागंमागं दूध आणायला जायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

आणि हिवाळ्यात एका दुपारी मी भाकरी टाकली, तर त्यानं वरचा पापुद्रा तेवढा ओढून खाल्ला. बाकीची भाकरी तशीच.

मी ती भाकरी हातात घेऊन किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. सतीश म्हणाला, "काय झालं? भूक नसेल त्याला." मी त्याच संध्याकाळी भुऱ्याला डॉक्टरांकडं नेलं. तेच डॉक्टर. बघून म्हणाले, बरा दिसतोय की. मी म्हटलं, रक्त घ्याच. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स कमी, किडनीचा आकडा थोडासा वर. डॉक्टरांना नवल वाटलं. "गोचिडांचा ताप आहे, आत मुरलेला. इतक्या लवकर कुणी आणत नाही. तुम्हाला कळलं कसं?"

मी औषधांची चिठ्ठी मागितली.

औषधं लगेच सुरू झाली. मी मनाशी म्हणत होते, आपण लवकर पकडलंय. अण्णांनी सांगितलं ते यासाठीच असेल. पण पाणी वाढलं. भांडं भरलं की रिकामं. मग एका दुपारी तो स्वयंपाकघराची भिंत चाटताना दिसला. चुन्यावर ओला पट्टा. मी त्या भिंतीला प्लॅस्टिकचा कागद चिकटवला. त्यानं समोरची भिंत चाटायला घेतली.

त्या दिवशी मी शमीमआपांना फोन केला. मला खात्री करून घ्यायची होती, की हे सगळं माझं मनच मागून रचत नाहीये. विचारलं, अण्णा भिंतीचं काही बोलले होते का?

"बोले थे ना. भिंत चाटता बोले. मैं जाके हाथ लगाके देखी गे... सूखी पडी थी."

त्यानंतर भुऱ्या जिन्याखाली गेला.

आमच्या जिन्याखाली जुने डबे आणि सतीशची सायकल असते. त्यांच्यामागं, अगदी कोपऱ्यात, तो जाऊन बसला. हाक मारली तर नुसते डोळे फिरवले. मी खालच्या पायरीवर बसले, आणि इतके दिवस न सुचलेली गोष्ट तेव्हा लख्ख दिसली. अण्णांना दिसत होतं ते माझं घर होतं. भुऱ्या माझ्या घरात होता. तो माझ्याकडं केव्हा येणार? अण्णा नसल्यावर. फोनवरच्या त्या गप्प राहण्यात अण्णांनी हेच गणित सोडवलं होतं का, ते मला कधीच कळणार नाही. मी पदर तोंडाशी धरून रडले.

सतीशला तेव्हा सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. "तू थकलीस," म्हणाला. "सलाइन लावू, लागेल ते करू." आम्ही केलं. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून जायचे. नाकातून रक्त आलं, उजव्या बाजूनं. मागचे पाय गेले. हिरडीवर मी अंगठा दाबला, पांढरी फटक. सोडल्यावरही रंग परत आला नाही. हेच अण्णांनी मला वाकून बघायला लावलं होतं.

मग एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तर सतीशची हाक. "अगं लवकर ये! बघ तरी!"

भुऱ्या फाटकापाशी उन्हात बसला होता. मान वर. उभा कान उभा. सतीशच्या हातात वाटी होती आणि भुऱ्या ती चाटून पुसून साफ करत होता.

"काय दिलंस?" मी विचारलं.

"दहीभात. कालचा भात होता थोडा. सगळा खाल्ला!" सतीशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तेही म्हणाले, चांगलं लक्षण आहे, औषध लागू पडतंय. सतीशनं शमीमआपांनाही कळवलं. सगळे खूश होते. मी लॅबमध्ये फोन करून सुटी घेतली.

"अगं, आता कशाला सुटी? बरा झालाय तो," सतीश म्हणाला.

त्याचा तो दिवस मोडावासा वाटला नाही. दिवसभर मी भुऱ्याजवळ बसले. ऊन सरकलं की त्याची चादर सरकवायची. त्याच्या पोटावरचे केस मऊ होते, ते विंचरले. संध्याकाळी त्याला आत घेतलं आणि खाली त्याच्याशेजारीच अंथरूण घातलं. अण्णा गेले तेव्हा त्यांच्याजवळ हा होता. याच्याजवळ मी असणार होते.

उजाडता उजाडता त्यानं डोकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. एक लांब श्वास घेतला... आणि सोडला. मी पुढच्या श्वासाची वाट बघत बसले.

सतीश उठून आला तेव्हा मी तशीच बसलेली. त्यानं भुऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला माहीत होतं," म्हणाला. त्यानंतर या विषयावर तो आजतागायत बोललेला नाही.

भुऱ्याला आम्ही सतीशच्या घरच्या, फुलंब्रीच्या शेतात बांधाला पुरलं. शमीमआपाही आल्या होत्या.

मी स्वतःला सगळी उत्तरं देऊन बघितली आहेत. योगायोग म्हणावा, तर जिन्याचं काय? अण्णांना आधीच आजार कळला म्हणावा, तर भुऱ्याचं तेव्हाचं रक्त स्वच्छ होतं. तो रिपोर्ट मी अनेकदा वाचलाय. आणि जर ते मला सावध करण्यासाठी होतं, तर त्याचा उपयोग काय झाला? मी लवकर ओळखलं, सगळं वेळेवर केलं, आणि एकही गोष्ट मागंपुढं झाली नाही. कुणा वाचकाला काही सुचत असेल तर जरूर कळवा.

मागच्या महिन्यात शमीमआपांच्या गल्लीत एका कुत्रीला पिल्लं झाली. त्यांनी मला बोलावून एक हातात दिलं. उबदार, पोट टम्म फुगलेलं, दुधाचा वास येणारं. "ले जा गे ताई. घर खाली-खाली लगता."

मी घेतलं नाही. आपांना वाटलं, मला भीती आहे — पुन्हा कुत्रं आजारी पडलं आणि आपल्याला कळलंच नाही तर? मी तसंच वाटू दिलं. ते पिल्लू हातात होतं तेवढा वेळ मी त्याच्या तोंडाकडं बघत नव्हते. ओठ वर करून बघितलं, आणि गुलाबी हिरड्या मला पांढऱ्या दिसल्या तर... एवढंच माझ्या मनात होतं.