पाचटाच्या गोठ्याची खरी हकिकत

आमच्या चर्चच्या आवारातील गोठ्याची हकिकत आता राहुरीपासून पुणतांब्यापर्यंत सांगितली जाते, आणि जवळजवळ प्रत्येक जण ती चुकीची सांगतो. कोणी म्हणतो, मी एका ऊसतोड कुटुंबाला स्वतःहून आसरा दिला. कोणी म्हणतो, मला आदल्या रात्री दर्शन झाले होते. तेथे मी होतो, हे सांगणारे नव्हते. ज्याच्या कृपेची ही गोष्ट आहे, त्याला माझ्या खोट्या मोठेपणाची गरज नाही.

त्या नाताळात माझ्यापाशी श्रद्धेच्या नावाने केवळ शिस्त उरली होती. चाळीस वर्षांपूर्वी माझी आठ महिन्यांची मुलगी छातीच्या विकाराने गेली. सकाळपर्यंत उतार पडेल, म्हणून आम्ही थांबलो होतो. त्यानंतर रविवारची मिस्सा मी एकदाही चुकवली नाही, आणि एकदाही मनापासून प्रार्थना केली नाही. हे कोणाला ठाऊक नव्हते. निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने नाताळची सारी तयारी माझ्या शब्दावर चाले.

ख्रिस्तजन्माचा गोठा मी स्वतः बांधतो. इतर ठिकाणी बाहुल्यांच्या घराएवढे गोठे करतात. माझा गोठा म्हणजे ऊसतोड मजुरांची असते तशी खरीखुरी कोपी: बांबूचा सांगाडा, वर उसाचे पाचट, दाराला बांबूच्या कामट्यांचा एक तट्ट्या, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. मूर्ती चोवीस तारखेला मांडायच्या, तोवर ती रिकामी. त्याच दिवशी मजुरांना ब्लँकेटे वाटायची. ती सभागृहाच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या खिशात.

नाताळच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, सभागृहात बायका करंज्या करीत असताना पाथर्डीकडची एक मजूर बाई दारात येऊन उभी राहिली. कडेवर तान्हे मूल होते.

"पोराला लई हीव भरलंय. टोळी फुडं गेली, आमी मागं ऱ्हायलो. एखादं फाटकं पांघरूण असंल तर द्या."

महिला मंडळाच्या मार्थाबाई पिठाचे हात पुसत म्हणाल्या, "मास्तर, किल्ली द्या बरं."

मी म्हणालो, "वाटप चोवीसला आहे. यादी तयार आहे. आज एकीला दिले, तर उद्या दारात रांग लागेल."

त्या बाईने मुलाला पदरात गुंडाळले. मान हलवून ती निघून गेली. हकिकतीतला हा भाग सगळे गाळतात. मी गाळू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आवारात आलो, तर गोठ्याचे दार आतून बंद आणि पाचटातून धूर निघत होता. मी संतापलो. "कोण आहे आत? बाहेर निघा आधी!" असे ओरडत मी तट्ट्या ओढून काढला. आत तीच बाई, तिचा नवरा आणि मांडीवर मूल.

"रिकामी कोपी दिसली म्हनून शिरलो, बाबा," नवरा हात जोडून म्हणाला. "कुनाची हाय, ठावं न्हवतं."

पुढे बोलायला माझे तोंड उघडले होते. तेवढ्यात मला मुलाचा श्वास ऐकू आला. दर श्वासाला कण्हल्यासारखा बारीक आवाज, आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. तो आवाज मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता. दर्शन, साद, प्रकाश यांतले काहीही नव्हते. होता तो फक्त आवाज.

मी धावत जाऊन कपाट उघडले. यादी आठवलीही नाही. त्याच क्षणी मंडपवाल्याचा टेम्पो खुर्च्या घेऊन फाटकात शिरला. लोक याला चमत्कार म्हणतात. मंडपवाला नेहमी दहानंतर येतो; आदल्या दिवशी मीच भांडून त्याला सातला यायला लावले होते. पण खुर्च्यांची गरज आणखी तीन दिवस नव्हती. तरी मी सातसाठीच अडून बसलो होतो.

राहुरीच्या दवाखान्याकडे जाताना, टेम्पोत, ब्लँकेटमधल्या त्या मुलाकडे पाहत मी चाळीस वर्षांनी एकच वाक्य बोललो: "प्रभू, या खेपेला थांबू नकोस." मूल वाचले. डॉक्टरांनी 'तासाभराचा उशीर झाला असता तर' वगैरे काही म्हटले नाही. "न्यूमोनिया आहे, दाखल करा," एवढेच ते म्हणाले.

दवाखान्यातून ते कुटुंब गोठ्यातच परतले. मूर्ती आम्ही वेदीपाशी शाळेच्या बाकावर मांडल्या. मूल बाळ येशूसाठी ठेवलेल्या गव्हाणीत निजत असे, हेही खोटे. गव्हाणीत त्यांचे पीठमीठ असे. मूल आईच्या कुशीत असे.

परवा मार्थाबाई पाहुण्यांना सांगत होत्या, की मास्तरांनी लगेच किल्ली काढून दिली. मी तिथेच अडवले.

"अहो मास्तर, शेवट चांगला झाला ना? मग कशाला उकरून काढता?"

"शेवट प्रभूने केला, मार्थाबाई. सुरुवात मी केली होती. ती माझ्याकडेच राहू द्या."

माझा नकार, माझा संताप, माझे भांडण, इतकेच काय, माझे जुने दुःखसुद्धा त्याने कामाला लावले. मला विचारले नाही. आयुष्यभर सर्वांना विचारायला लावणाऱ्या माणसाला हे मान्य करणे जड जाते. तरी मी ते मान्य केले आहे, आणि आभार मानतो.

यंदाही गोठा मीच बांधला. पाचट दुप्पट घातले आहे, दाराचा तट्ट्या आतून नीट लागतो. फादरांनी विचारले, "मूर्तींना एवढी ऊब कशाला, मास्तर?" मी म्हणालो, "वारा फार आहे." कपाटाची किल्ली आता कपाटालाच असते.