उजव्या खांद्याचा इतिहास

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच शाळा बुडवली, आणि तीही शिक्षक असताना. आमच्या तालुक्याच्या गावात एकच थिएटर होतं. तिथे दुपारच्या खेळाला कुंग-फूचा एक सिनेमा लागला आणि नववीतली पाच मुलं वर्गातून गायब झाली. बाबा इतिहास शिकवायचे. पोरांना पकडायला म्हणून ते तरातरा थिएटरात गेले, अंधारात कोणी दिसेना म्हणून मागच्या बाकावर टेकले, आणि सिनेमा संपेपर्यंत उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी अगदी सहज विचारलं, "शेवटच्या मारामारीत त्याने आधी डावा पाय उचलला की उजवा? हात वर करून सांगा." पाच हात वर आले. पाचही चोर सापडले. शिक्षा म्हणून प्रत्येकाने ती मारामारी जशी पाहिली तशी लिहून आणायची होती. पाच वह्यांतून पाच वेगवेगळ्या मारामाऱ्या निघाल्या. बाबांनी त्या सगळ्या वर्गात मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, "आता कळलं, इतिहास का अवघड असतो?"

त्या नटाचं नाव इथे घेत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं 'तो' म्हणतात. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली त्याला दहा वर्षं झाली. आई गेल्यावर बाबा गावी एकटेच राहायचे. फार मिनतवाऱ्या केल्यावर गेल्या दिवाळीनंतर ते आमच्याकडे आले आणि जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. नवरा कंपनीच्या कामाने निम्मा महिना बाहेरगावी असतो, त्यामुळे हॉस्पिटलचे ते दिवस मी आणि माझ्या बारा वर्षांच्या लेकीनेच काढले. बोलणं दोनेक आठवड्यांत परत आलं, जरा सावकाश पण स्पष्ट. काठीच्या आधाराने पायही टाकायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुरुवातीचे काही महिनेच काय ते हातात आहेत, व्यायाम झाला नाही तर हा हात असाच राहील. त्यांच्याशी मातृभाषेतच बोला, असंही म्हणाले. त्यावरून आम्ही परस्पर ठरवून टाकलं की इंग्रजी आता बाबांच्या कामाची नाही. त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही.

व्यायाम घ्यायला हावड्याहून एक फिजिओथेरपिस्ट दीदी यायची. सकाळची लाँच पकडून नदी ओलांडायची आणि नऊच्या ठोक्याला दारात हजर. गुणी मुलगी. पण ती बाबांचा हात धरून "एक, दुई, तीन" असं मोठ्याने मोजायची आणि बोट जरासं हललं की "बाह् दादू, बाह्!", म्हणजे वा आजोबा, वा, म्हणून टाळ्या वाजवायची. माझ्या वडिलांनी अख्ख्या नोकरीत कोणाला फुकटची शाबासकी दिली नाही. ती स्वतःला मिळालेली त्यांना कशी चालावी? "मी काय बालवाडीत आहे?" असं माझ्यावर खेकसले आणि सहाव्या दिवशी त्यांनी हिंदीत, हात जोडून, म्हणजे एकच हात कपाळाला लावून, दीदीला निरोप दिला. मी भांडले. रडलेसुद्धा. "शिकवायचं ते शिकवून झालंय, आता हात काय करायचाय?" असं म्हणून ते भिंतीकडे बघत बसले. खरं सांगते, त्या वाक्याने माझं धाबं दणाणलं.

लेक आमच्या पाड्यातल्या, म्हणजे इथल्या भाषेत मोहल्ल्यातल्या, क्लबात कराटे शिकते. तिथल्या सरांनी वर्गाला 'त्याच्या' आयुष्यावरचा सिनेमा बघायला सांगितला होता. तिने तो आजोबांच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. बाबांनी डाव्या हाताने चष्मा चढवला आणि अर्ध्या तासात सिनेमावर भडकले. त्यात 'तो' चित्रीकरणात उंचावरून पडतो, उजवा खांदा निकामी होतो, डॉक्टर मान हलवतात. मग संगीत सुरू होतं, खिडकीत तीनदा सूर्य उगवतो आणि गडी चौथ्या सकाळी विटा फोडायला उभा. "दोन मिनिटांत बरा झाला! थापा मारतात लेकाचे!" बाबा कडाडले. झटक्यानंतर त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

खरं काय ते बघू, म्हणून लेकीने माहितीपट शोधून काढले. एक नाही, चांगले चार मिळाले. संध्याकाळी मी एस्प्लनेडहून मेट्रोने घरी पोचायचे तेव्हा दोघांची बैठक रंगात आलेली असायची. ती दर दोन मिनिटांनी चित्र थांबवायची आणि आजोबांना मराठीत सांगायची. तिचं मराठी इथेच वाढलेलं, त्यामुळे त्यात हिंदी आणि बंगाली दोन्ही हक्काने ये-जा करतात. "आजोबा, हा बोलतो की गुरूने त्याला काढून दिला. पण बहीण बोलते की तो स्वतःच निघून गेला."

"हे सांगणारा तेव्हा तिथे होता का? विचार त्याला."

"टीव्हीला कसं विचारणार?"

"मग वहीत लिही. साक्षीदार पहिला, दुसरा, तिसरा."

अशी वही सुरू झाली. गुरूकडून 'तो' का निघाला याचे तिथे तीन रकाने होते. थोरला शिष्य म्हणाला, हाकललं. बहीण म्हणाली, मानी होता, स्वतःहून निघाला. आणि आखाड्याचा म्हातारा स्वयंपाकी म्हणाला, त्याला भात कमी पडायचा. बाबांनी निकाल दिला, "स्वयंपाक्याचं खरं. त्याला खोटं बोलून काय मिळणार?" लेक हसून गादीवर लोळली.

मी आधी हे सगळं करमणूक म्हणूनच बघत होते. 'तो' म्हणजे किंचाळत लाथा मारणारा माणूस, एवढंच माझं ज्ञान. चहा पिता पिता मीही तिथे टेकायला लागले आणि माझं मत पार बदललं. लहान चणीचा, एका डोळ्याने अधू, परक्या मुलखात हॉटेलात भांडी घासून रात्रीच्या शाळेत शिकलेला. त्याच्यावर मारलेला प्रत्येक शेरा त्याने लक्षात ठेवला आणि एकाचंही उट्टं काढलं नाही. जुन्या चित्रफितीत तो एकच लाथ परत परत मारताना दिसतो. सत्तराव्या वेळी त्याचा चेहरा पहिल्या वेळेइतकाच गंभीर असतो. मला त्या चेहऱ्याचा मोह पडला. आपण कुठलीच गोष्ट इतक्या मनापासून करत नाही, असं वाटून जरा लाजही वाटली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी घरी आले तर बाबा टेबलाशी बसलेले. समोर दोन वाट्या. एका वाटीतला चुरमुरा उजव्या हाताच्या बोटांनी उचलून दुसऱ्या वाटीत टाकण्याची खटपट चालू होती. दहातले आठ खाली पडत होते. कपाळावर घाम होता. मी दारातच थबकले.

लेक मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली. "आई, त्या माहितीपटात आहे. त्याचा हात उठतच नव्हता ना, मग तो रोज एक वाटी मुडी घ्यायचा आणि एक-एक उचलायचा. मी आजोबांना सांगितलं."

मुडी म्हणजे इथले चुरमुरे. मी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या आठवड्यात, लेकीच्या सांगण्यात, 'तो' ओला गमछा पिळायला लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यात भिंतीवर बोटं चालवत खांद्यापर्यंत न्यायला लागला. माहितीपटातला नायक जे जे करायचा ते ते बाबा सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर करायचे. कोणी मोजायचं नाही, कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. न्हाणीघरातून पिळलेल्या गमछ्याचं पाणी ठिबकताना ऐकू आलं की मला 'त्याच्या' पाया पडावंसं वाटायचं.

मग एका शनिवारी सर्दीने डोकं धरलं म्हणून मी घरी होते. बाबा झोपले होते, लेक क्लबात. माझ्या उपकारकर्त्याचं एकदा दर्शन घ्यावं म्हणून मी तो माहितीपट लावला. खांद्याचा भाग आला. त्याचा जुना मित्र कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, तो एक वर्षभर खोलीचं दार लावून घ्यायचा, आत काय करायचा ते कोणालाच माहीत नाही. बस. पुढे तो पुन्हा उभा राहिलेला दिसतो. मी मागे जाऊन परत बघितलं. उरलेले तिन्ही चाळले. मुडी नाही, गमछा नाही, भिंत नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परदेशातल्या त्या माणसाला मुडी मिळणार कुठून? आमची मुलगी कोलकात्यात वाढलेली. तिच्या लेखी जगातल्या प्रत्येक घरात मुडीचा डबा आणि दोरीवर गमछा असतोच.

ती आल्यावर मी तिला गच्चीवर नेलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. कराटेच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. दीदीने जाताना तिच्या हातात ठेवलेला, बंगालीत लिहिलेला व्यायामाचा कागद. मुडी, गमछा, भिंत, सगळं क्रमाने.

"आजोबा दीदीचं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "त्याचं ऐकतात. आणि दार बंद होता ना? आत काय करायचा कोणाला माहीत नाही, तर मग हेच करत असेल."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. माझ्या वडिलांना मी ओळखते. सहावीत मी एका लढाईच्या उत्तरात पदरचा एक हत्ती घातला होता, तर त्यांनी भर वर्गात माझी वही वर धरून तो हत्ती खोडला होता. पुराव्याशिवाय एक शब्द लिहिणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. आपल्याला रोज खोटा इतिहास शिकवला जातोय, आणि तोही नातीकडून, हे कळलं तर हा माणूस वाट्या भिरकावून पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, या भीतीने मी गप्प बसले. "हात वर जाईपर्यंत सांगू नकोस ना," असं लेक म्हणाली आणि मी मान डोलावली. पण त्यानंतर बाबांच्या नजरेला नजर देणं मला जड जायला लागलं. हत्ती खोडला तेव्हा त्यांचं बरोबर होतं, हे मला आजही मान्य आहे.

मे महिन्यातल्या रविवारी लेकीची पट्ट्याची परीक्षा होती. तिला क्लबात सोडून मी परत आले तर बाबांच्या समोर ती वही उघडी होती आणि हातात लाल पेन होतं. उजव्या हातात. पान खांद्याचं होतं. तिने मोठ्या अक्षरांत मुडी, गमछा, भिंत लिहिलं होतं, आणि समासात बाबांनी लाल शाईने, अक्षरं एकमेकांवर चढलेली, रेघ सोडून खाली घसरलेली, लिहिलं होतं: 'पुरावा नाही.' खाली गोल. गोलात आठ, त्याखाली दहा.

मी खुर्चीवर बसलेच. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"कसं?"

"खाली इंग्रजी अक्षरं येतात की," ते म्हणाले. "चष्मा लावून काय मी आरती ऐकत होतो?"

तीस वर्षं इंग्रजी ग्रंथ वाचून शिकवत आलेला माणूस, समोर टीव्ही, नाकावर चष्मा, आणि लेक त्याला भाषांतर करून सांगत होती! मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीत?"

बाबांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. "ती रोज दोन तास माझ्याशी मराठीत बोलत होती. मी टोकलं असतं तर गप्प झाली असती." मग म्हणाले, "आणि त्या बंद दारामागे त्याने काहीतरी केलंच असणार ना. उगाच का उभा राहिला?"

लेक नवा पट्टा कमरेला तसाच बांधून घरी आली. वही बघितली आणि घाबरण्याऐवजी चिडली. "आठच? दोन कुठे गेले?"

"पुरावा दिला नाहीस."

तिने कमरेचा पट्टा आवळला. मग आजोबांच्या समोर पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तो उठवा. उजवा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मांडीवरचा हात सरकला, छातीपर्यंत आला, खांद्याशी अडला. मी पुढे होणार होते, पण लेकीने डोळ्यांनी मला दटावलं. हात खांद्याच्या वर गेला. कानापर्यंत गेला. तिथून बाबांनी तो अजून वीतभर वर नेला आणि धरून ठेवला, वर्गात उत्तर येणारा मुलगा धरतो तसा.

"हा पुरावा," लेक म्हणाली.

हात खाली आल्यावर बाबांनी पेन उघडलं, गोलातला आठ खोडला आणि बराच वेळ घेऊन त्याच्या शेजारी नऊ लिहिला.

"नऊच?"

"परदेशात गमछा कुठला? त्याचा एक गेला तो गेला," बाबा म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे ओढली.