कावीळ : नाही

चाळीसेक वर्षांपूर्वीचा एप्रिल, कोल्हापूर, सकाळचे दहा. मी डोळ्यांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते आणि फोन आला… मंगळवार पेठेत एक गृहस्थ वारलेत, घरचे डोळे द्यायला तयार आहेत.

तेव्हा असा फोन म्हणजे लॉटरीच. लोक तोंडावर सांगायचे, "डोळं काढून दिलं तर फुडच्या जल्माला आंधळा यील की." त्यामुळे फोन आला की डॉक्टर, मी, जीप… लगेच निघायचं. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.

निघण्याआधी मी वॉर्डातल्या हसीनाबीच्या पापण्यांचे केस कापले, ऑपरेशनची तयारी म्हणून. ब्लाउज शिवणारी बाई. एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला, दुसऱ्याला उसाचं पातं लागून फूल पडलं. वर्षभर मशीन बंद. याआधी एकदा टेबलापर्यंत जाऊन परत आली होती, कारण आणलेला डोळा खराब निघाला.

"सिस्टर, आज तरी हुईल न्हवं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, होणारच. नर्सनं असं छातीठोक बोलू नये, पण माझं तोंड पहिल्यापासून तसलंच.

त्या घरी डॉक्टर आतल्या खोलीत गेले आणि मी बाहेरच्या सोप्यात फॉर्म भरायला बसले. रक्त तपासायची सोय इथं नव्हती हो तेव्हा. नमुना पुण्याला जायचा, रिपोर्टला आठवडा लागायचा आणि डोळा टिकायचा जेमतेम दोन दिवस. तपासणी म्हणजे आमचे प्रश्न आणि घरच्यांची उत्तरं, बास.

आंघोळ करून आले, छातीत कळ आली आणि गेले, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. मोठा आजार काही? धाकटा भाऊ म्हणाला, "दवाखान्याची पायरी चढला न्हाय कधी आमचा दादा." बायकोनंही मान हलवली.

मी घाईत होते. पुढचं एकेक विचारायला हवं होतं, पण मी रांगेनं लिहीत सुटले… टीबी : नाही. कुत्रा चावणे : नाही. कावीळ : नाही.

डॉक्टर डोळ्यांची बाटली बर्फात ठेवून जीपकडे गेले. मी चपला घालत होते. कोपऱ्यात वारलेल्या गृहस्थांची म्हातारी आई रडत होती… "दोन म्हैनं बिनतेलाचं, बिनतिखटाचं गिळलं माझ्या लेकानं. आत्ता कुठं तोंडाला चव आली हुती…"

मी चपला तशाच सोडल्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "आजी, पथ्य कशाचं होतं?"

"काविळीचं की. माळ घातली, पार बेंबीपतोर उतरली. डाक्टरला कशाला दावायचं? त्येंच्याकडं कुठं औशीद असतंय त्येच्यावर?"

कुणीच खोटं बोललं नव्हतं. आमच्याकडे काविळीला झाडपाल्याची माळ घालतात, ती लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली. एकदा उतरली की ती आजारात धरायचीच नाही. चूक माझी होती, मी विचारलंच नव्हतं.

जीप निघाली. बर्फाचा डबा माझ्या मांडीवर. म्हातारीचं बोलणं फक्त मी ऐकलेलं… आणि डॉक्टर माझ्या फॉर्मवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे. मनात म्हटलं, दोन महिने झाले, माणूस बरा झाला होता, कशाला बोलायचं? हसीनाबी तिकडे उपाशीपोटी बसलीय. पण काविळीच्या माणसाचा डोळा बसवला तर ती घेणाऱ्यालाही होऊ शकते, हे मला माहीत होतं.

बिंदू चौक आला तेव्हा तोंड उघडलं. डॉक्टरांनी फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं. "अक्षर तुमचंच ना, सिस्टर?" एवढंच म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ऑपरेशन रद्द.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः जाऊन त्या घरी सांगून आले, की ते डोळे बसवता येणार नाहीत, शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवू. हसीनाबीला मात्र मीच सांगितलं, काविळीसकट आणि माझ्या घाईसकट.

 ती म्हणाली, "तुमी गप बसला असता तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग फुडचा डोळा आणाय बी तुमीच जायाचं. दुसरं कोण नगं मला."

पाच महिन्यांनी दुसऱ्या एका घरून फोन आला, मीच गेले. त्या घरी आजारपण विचारलंच, शिवाय माळ, झाडपाला, पथ्य… सगळं बायकांत बसून विचारलं, दोनदा विचारलं. हसीनाबीला दिसायला लागलं, तिची मशीन सुरू झाली आणि माझे ब्लाउज पुढं कितीतरी वर्षं तिनंच शिवले.

गेल्या महिन्यात ती गेली. माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची, "सिस्टर कधी गप बसल्या न्हाईत." खरं तर मंगळवार पेठेपासून बिंदू चौकापर्यंत मी गप्प बसले होते, हसीनाबी. तेवढं तुला सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.