पडद्याबाहेरचं बाकडं

कटंगीच्या बसस्टँडसमोर पुनारामचं चहाचं हॉटेल आहे. पुरुषांसाठी रस्त्याकडे तोंड करून बाकडं, बायांसाठी आत पडदा आणि पडद्यामागे बटाट्याची पोती. पोत्यावर बसून चहा नीट पिता येतो. फक्त रस्ता दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पौर्णिमाबाई त्या पोत्यावर बसल्या असताना तुमसरची बस आली आणि गेली. दुसऱ्या बसनं त्या तुमसरला पोचल्या तेव्हा वारलेल्या बहिणीला घाटावर नेऊन झालं होतं.

त्यानंतर त्या महिला संघटनेत गेल्या. किरनापुरात दोनदा भाषण दिलं. बाया टाळ्या वाजवायच्या आणि परतताना पडद्यामागेच चहा प्यायच्या. शेवटी एका बाजाराच्या दिवशी पौर्णिमाबाई स्वतःच बाकड्यावर बसल्या.

"बाई, लेडीज का इंतजाम अंदर है," पुनाराम म्हणाला.

"आतून बस दिसते का?"

"नाही."

"मंग चहा इथंच दे."

बाकड्यावर नथ्थू होते. गावनात्यानं ते पौर्णिमाबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोसोबत एका बैठकीवर बसायचं नाही, दोघांनी बोलायचं नाही, अशी रीत. नथ्थू उठले. मग आणखी तिघे उठले. हिशेब लावला तर तेही भासरेच होते. पौर्णिमाबाईंनी पूर्ण बाकडं मागितलं नव्हतं. तरी त्यांनी पिशवी शेजारी ठेवली.

महिनाभर भासरे उभ्यानं चहा पीत राहिले. नथ्थूंचे गुडघे सत्तरीचे. एके दिवशी ते हळूच पडद्यामागे जाऊन पोत्यावर बसले.

"काका, तिथं लेडीज..." पुनाराम म्हणाला.

"मले काय शौक हाय का? गुडघे दुखून राह्यले."

तेवढ्यात तुमसरची बस लागली आणि लगेच निघाली. नथ्थूंना त्याच बसनं दवाखान्यात जायचं होतं, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. भासऱ्याला हाक मारता येत नाही. पौर्णिमाबाई उठून बससमोर उभ्या राहिल्या.

"हटो बाई, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही. आमचे भासरे लेडीजमदी बसले हायेत. त्यायले येऊ दे."

स्टँड हसत असताना नथ्थू पडदा सारून आले आणि खाली मान घालून बसमध्ये चढले.

पुढच्या बाजाराला पडदा नव्हता. धुवायला टाकलाय, पुनाराम म्हणाला. नथ्थू बाकड्याच्या एका टोकाला बसले, पौर्णिमाबाई दुसऱ्या टोकाला. मधे वांग्यांची पिशवी.

"पुनाराम, इथून बस बरी दिसते गा," नथ्थू रस्त्याकडे पाहत म्हणाले.

"हौ," पौर्णिमाबाई पिशवीला म्हणाल्या.