कादंबरीबंदीचा आठवडा

वाचणारी चार माणसं एके ठिकाणी बसली की किस्से काही बोलावून आणावे लागत नाहीत. आमच्या शेवगावच्या वाचनालयात तर ते इतके साठले की पुस्तकांना जागा कमी पडावी! पण त्यातला सगळ्यात भन्नाट आठवडा कुठला म्हणाल, तर कादंबरीबंदीचा. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. मी एका वकिलांकडे कारकून होतो, आणि संध्याकाळ झाली की वाचनालयात हजर!

खोडी काढली साळवे मास्तरांनी. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. एकदा त्यांनी वाचनालय सांभाळणाऱ्या अण्णांना विचारलं, "अण्णा, ते कोपऱ्यातलं कपाट कसलं हो?"

"ज्ञानाचं."

"मग बंद का?"

"मागतंय कोण? आत गांधीलमाशीनं घर केलंय. तीच एक कायमची सभासद!"

मास्तर पेटलेच. "पैज! आठवडाभर कादंबरीला हात लावायचा नाही. फक्त ज्ञानाची पुस्तकं. आणि काय वाचलं ते शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. हरेल त्यानं भेळ द्यायची!"

कापडाचे दुकानदार भीमराव रडकुंडीला आले. "मास्तर, मी ऐन खुनापाशी आलोय हो!"

"मग जगू द्या की बिचाऱ्याला आठवडाभर!"

* * *

भीमरावांनी मधमाश्या पाळण्याचं पुस्तक नेलं. दुसऱ्याच दिवशी गल्लीत बोंबाबोंब! जाऊन बघतो तर लिंबावरच्या पोळ्याखाली भीमराव उभे. एका हातात धुराचं मडकं, दुसऱ्या हातात पुस्तक. आणि मोठ्यानं वाचतायत, "मन शांत ठेवावे. घाबरू नये."

बाकीची गल्ली केव्हाच घाबरून दारं लावून बसली होती.

संध्याकाळी ते वाचनालयात आले तेव्हा डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात, काही कळेना. अण्णांनी हळूच विचारलं, "पुस्तकात काही चूक आहे का हो?"

"पुस्तक बरोबर आहे," भीमराव सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "माश्यांनी वाचलेलं नाही!"

* * *

मास्तरांच्या हाती आहाराचं पुस्तक लागलं. घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "आजपासून शिजवलेलं बंद. शिजवलं की अन्नातला जीव जातो."

त्यांच्या बायको मार्थाबाई मूळच्या काष्टी गावच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी सरळ चूल विझवली. ताटात मूठभर कच्ची बाजरी, हिरवी मिरची आणि देठासकट अख्खं वांगं वाढलं.

"घ्या! सगळं जित्तं हाय!"

तेव्हापासून मास्तर रोज बरोब्बर जेवणाच्या वेळेला माझ्या दारात. "काय, वाचन कसं चाललंय?"

* * *

मी जमिनीतलं पाणी शोधण्याचं पुस्तक घेतलं होतं. लिंबाची दुबेळकी, बेचक्यासारखी फांदी दोन्ही हातांत धरायची आणि चालायचं. पाणी असेल तिथे फांदी खाली झुकते! आमच्याकडे पाण्याची बोंब, त्यामुळे मागे ही गर्दी. वकीलसाहेबांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि फांदी अशी झुकली की मला आवरेना!

"खणा! इथेच खणा!" मी ओरडलो. गड्यानं कुदळसुद्धा आणली.

वकीलसाहेब पान जुळवत बाहेर आले. "खणा, खणा. पाणी लागेलच. सकाळी तिथेच आमचा रांजण फुटलाय!"

* * *

आता किस्सा इंदूताईंचा. ताई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. बोलणं कमी, धाडस फार. ज्ञानाचं कपाट उघडलं त्याच दिवशी त्यांनी त्यात एक पुस्तक सरकवलं होतं. वरचा पुठ्ठा गुरांच्या रोगांच्या पुस्तकाचा, आत सरकारनं जप्त केलेलं पुस्तक! हे फक्त अण्णांना आणि मला ठाऊक.

शुक्रवारी दारात सखाराम हवालदार. "सायबांचा हुकूम हाय. आक्षेपार्ह पुस्तकं तपासायची."

त्याचं बोट कपाटातल्या पुस्तकांवरून सरकत सरकत आलं आणि नेमकं तिथेच थांबलं.

"ह्ये बघू. माझी म्हस आजारी हाय."

ताई म्हणाल्या, "हवालदार, ते फार जुनं झालंय. दुसरं देते."

"रोग बी जुनंच हायेत की, बाई."

आणि बाकावर बसून तो वाचायला लागला! ओठ हलतायत, पान उलटतंय. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! दिवेलागण झाली तसं पुस्तक मिटून त्यानं काखेत मारलं. "घरी नेतो. उद्या आनून देतो."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. अण्णा म्हणाले, "मी घोंगडी बांधून ठेवतो. तुरुंगात गारठा असतो म्हणे."

शनिवारी वाचनालय खचाखच भरलं. पुढच्या खुर्चीत साक्षात फौजदारसाहेब! शेजारी हवालदार, काखेत तेच पुस्तक. साळवे मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हवालदाराच्या काखेतलं पुस्तक बघून ते उत्साहानं म्हणाले, "हवालदारांनीही पैजेत भाग घेतलाय बरं का! सांगा हवालदार, काय वाचलंत?"

ताईंनी माझ्या शेजारी डोळे मिटून घेतले.

हवालदार उठला. टोपी सारखी केली. खाकरला.

"गुरांवर हाय पुस्तक. जनावर लई दिस बांधून ठिवलं, चारा कमी आन् मार जास्त दिला, तर लोकांना वाटतं त्ये खंगंल. पर तसं न्हाई. एक दिस त्ये दावं तोडतं. आन् त्याला औशद न्हाई, असं लिवलंय."

फौजदारांनी मान डोलावली. "वा! शेतकऱ्यांच्या फार उपयोगाचं पुस्तक आहे. अशी पुस्तकं आणखी आणा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! फौजदार निघाले. हवालदार मात्र मुद्दाम मागे रेंगाळला. दोन्ही हातांनी त्यानं पुस्तक इंदूताईंच्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"बाई, ह्ये वरच्या फळीवर ठिवत जा. आमचे सायेब ठेंगने हायेत."